ठशांचं लग्न

लग्नाचा केक करायला त्यांनी मलाच सांगितलं, यातच सगळं आलं.

फोन नॉर्बर्टचा होता. आमच्या काउंटीतल्या, जुनी नाणी जमवणाऱ्यांच्या अर्धा-डॉलर मंडळाचा तो अध्यक्ष, धंद्याने दातांचा डॉक्टर. "अर्डिस, यंदा मंडळात लग्न निघालंय," म्हणाला. "वार्षिक जेवणाला केक तूच करशील ना? शिवाय वेंडेलच्या आठवणीत दोन शब्द बोलायचेत. तेव्हा तुला यावंच लागेल."

"कुणाचं लग्न?"

"ते तिथेच कळेल. आधी सांगायचं नाही, नियम आहे."

नियम मला नको सांगूस, म्हणाले. तुमच्या नियमांशी चाळीस वर्षं संसार केलाय मी.

आता हे लग्न म्हणजे काय ते सांगते, नाहीतर तुम्ही नवरा-नवरी शोधत बसाल. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चांदीचे अर्धे डॉलर पहिल्यांदा पाडू लागले, तेव्हा ठसे हाताने करत. एकेक चांदणी, एकेक आकडा वेगळा ठोकायचा. त्यामुळे एक ठसा दुसऱ्यासारखा म्हणून नाही. कुठे चांदणी जरा खाली, कुठे अक्षर कलंडलेलं. नाण्याला ठसे लागतात दोन, एक छाप्याचा आणि एक काट्याचा. त्यातला एक फुटला की उरलेल्याची दुसऱ्याशी गाठ मारायची आणि पुढची नाणी पाडायची. या जोडीला ही मंडळी लग्न म्हणतात. सुटलेली जोडी पुन्हा जमली तर पुनर्विवाह. अशी सगळी लग्नं एका जाडजूड बुकात नंबर घालून छापलेली आहेत. बुकात नसलेलं लग्न ज्याला सापडेल त्याचं नाव त्या नंबराखाली कायमचं छापतात, आणि मंडळाच्या जेवणाला तो केक कापतो, वर साखरेचे नवरा-नवरी उभे केलेला. पिकल्या केसांचे पुरुष, पण त्या केकसाठी पोरांसारखे झुरतात.

झुरण्यात माझा नवरा सगळ्यांच्या पुढे. वेंडेल क्रायडर. गावात त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं, पण जीव भिंगाखाली. अर्धा डॉलर समोर धरा, तो छाप्यावरून सांगायचा, हा अमुक ठसा, याची जोडी तमुक. माझा वाढदिवस मात्र त्याला कॅलेंडर बघून आठवायचा. लिलाव, जत्रा, मेलेल्या माणसांच्या घरची विक्री, काही म्हणजे काही सोडलं नाही. बघितलेल्या प्रत्येक नाण्याला खाकी कागदाचं छोटं पाकीट, त्यावर त्याच्या हातचा नंबर. मंडळात म्हणच होती, पाकीट नाही तर बघितलं नाही. इतकं करूनही नवं लग्न काही त्याला सापडलं नाही. याआधी तीनदा दुसऱ्यांना सापडलं. तिन्ही वेळा केक मी केला, आणि वेंडेल तो गाडीत मांडीवर सांभाळत घेऊन गेला. दुसऱ्याच्या हातून कापलेला तुकडा खाऊन घरी यायचा आणि न बोलता झोपायचा. मला त्याची कीव यायची. बायकोला नवऱ्याची कीव यावी, याच्याइतकं वाईट काही नाही.

गेल्या शरदात तो गेला. दुकानात शिडीवर उभा असताना हृदय थांबलं. शेवटपर्यंत त्याच्या मनात तेवढं एकच राहिलं होतं, बुकात आपलं नाव यावं. मुलंबाळं नाहीत आम्हाला. नाव ठेवायला दुसरी जागाच नव्हती.

केक करताना मी याच विचारात होते. लोणी फेटता फेटता म्हटलं, कुणाचं का असेना, निदान त्याच्या आठवणीचे दोन शब्द तरी त्याच केकसमोर बोलले जातील.

मंडळाचं जेवण असतं आगीच्या बंबाच्या हॉलमध्ये. बंब बाहेर काढून ठेवतात आणि आत टेबलं मांडतात. हॅम, घेवडा, बिटाच्या रसात मुरवलेली गुलाबी अंडी, दरवर्षी तेच. मला पुढच्या टेबलावर बसवलं, लायमन आणि व्हेरा हॉस्टेटर यांच्या समोर.

लायमन म्हणजे वेंडेलचा जिवलग. दर गुरुवारी आमच्याकडे जेवायला. वेंडेल गेल्यावर नाण्यांचं काय करायचं मला कळेना, तेव्हा तोच आला. कितीतरी शनिवार आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून त्याने पाकिटं लावली, कुठली लिलावात द्यायची, कुठली ठेवायची ते सांगितलं. पैची लबाडी केली नाही, हे मी आजही म्हणेन. चर्चमध्ये मी बायकांना सांगत होते, मित्र असावा तर असा.

शेवटच्या शनिवारी त्याच्या तपकिरी कोटाच्या बाहीचं बटण तुटलेलं दिसलं. मी म्हटलं, "लाज नाही वाटत अशा कोटाने हिंडायला? तो बटणांचा डबा घे, जोडीचं शोध, मी लावून देते." त्याने बिस्किटांचा तो जुना डबा टेबलावर ओतला. मी चुलीशी उभी होते, पाठ त्याच्याकडे. बराच वेळ बटणांचा आवाज आला आणि मग थांबला.

"सापडलं?" मी विचारलं.

"सापडलं," तो म्हणाला.

बटण काळं होतं, चार भोकांचं, वेंडेलच्या जुन्या ओव्हरकोटाचं. मी ते त्याच्या बाहीला घट्ट शिवून दिलं. तो म्हणाला, "अर्डिस, किती सुंदर जुनी बटणं आहेत गं. व्हेरा गोधड्यांवर लावते असली. डबा नेऊ का तिच्यासाठी?" मी म्हटलं, "ने की. विचारतोस काय." वर मुरंब्याची बाटलीही दिली.

तर त्या जेवणात तोच कोट, तेच बटण. माझा टाका चांगला बसला होता.

जेवणं झाली. नॉर्बर्ट वेंडेलबद्दल बोलला. चांगलं बोलला, पण थोडकं. सगळ्यांचे डोळे केककडे लागले होते. मग दिवे बारीक केले आणि भिंतीवरच्या पडद्यावर नाणं आलं. आधी काट्याची बाजू, गरुड पंख पसरलेला, जुन्या चांदीचा करडा-काळा रंग. नॉर्बर्ट काठीने अक्षरं दाखवत होता, हे इकडे सरकलंय, ते तिकडे. "हा काटा आपल्या ओळखीचा आहे," म्हणाला, "पण मंडळी, याच्याबरोबर नांदणारा छापा बघा." चित्र बदललं. १८२७चा छापा. टोपी घातलेली बाई, भोवती चांदण्या. आणि सगळा चेहरा पांढराफटक, गोल गोल ओरखड्यांनी भरलेला.

घासलं की जुन्या नाण्याची किंमत जाते; हॉलमध्ये सगळे हळहळले. नॉर्बर्ट हसत म्हणाला, "छापा घासलेला, काटा तसाच. कुणातरी गृहिणीचं काम. खायचा सोडा आणि दात घासायचा ब्रश." लोक हसले. लायमन हसला नाही.

माझ्या हातातला चमचा थांबला होता.

ते नाणं वेंडेलने मला दिलं होतं. लग्नाआधी, काउंटीच्या जत्रेत. नुकतंच वेड लागलं होतं त्याला. एका टेबलावरून उचललं, छापा बघितला आणि माझ्या हातात ठेवलं. "घे. साधंच आहे," म्हणाला. मी म्हटलं, "दुसरी बाजू?" तर म्हणाला, "या छाप्याची बायको कोण ते मला पाठ आहे. उलटायची गरज नाही." मला तेव्हा त्याचं कौतुक वाटलं. दुर्मीळ असतं तर त्याने मला दिलं नसतं, हे कळायला आणखी काही वर्षं लागली.

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा पाहुणे बोलावले होते. चांदीचं लग्न, म्हणून मला ते नाणं निळ्या फितीवर टेबलाच्या मधोमध ठेवायचं होतं. काढलं तर काळं ठिक्कर. काळं झालेलं भांडं घासायचं असतं, हे मला माझ्या आईने शिकवलं. सोडा घेतला, ब्रश घेतला, छापा चकचकीत केला. काटा करणार तोच भट्टीतला ॲपल-पाय करपल्याचा वास आला. मी तिकडे धावले, आणि वेंडेल स्वयंपाकघरात आला.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. नाणं दोन बोटांत कडेने धरलं, तसंच, छापा वर. "मारून टाकलंस," म्हणाला. मग बटणांचा डबा उघडला आणि त्यात टाकलं. "आता हे बटणच." पाहुण्यांसमोर रात्रभर तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. पुढे मंडळात तो विनोद झाला, बायको आणि सोडा नाण्यांपासून लांब ठेवा. सगळे हसायचे, मी वाढत असायचे. मी माफी मागितली नाही. माझं नाणं होतं, मला दिलेलं, मी घासलं. आजही मागणार नाही.

मी उभी राहिले.

"ती गृहिणी मी," म्हणाले.

नॉर्बर्टची काठी पडद्यावरच राहिली. कुणीतरी दिवे लावले.

"लायमन," मी म्हटलं, "हे नाणं तुला कुठे मिळालं ते सांग सगळ्यांना."

"अर्डिस, आपण नंतर बोलू."

"आत्ता बोल. नंतर ऐकायला एवढी माणसं कुठून आणणार आहेस?"

तो खाली बघत म्हणाला, "डबा तूच दिलास मला."

"दिला. बटणांचा दिला. तुझ्या व्हेराच्या गोधड्यांसाठी दिला."

व्हेराने मान वर केली. "कसला डबा?" ती म्हणाली.

बिचारी. तिला काही माहीत नव्हतं. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे, आणि पुन्हा ताटात बघायला लागली. तिच्या कानांच्या पाळ्या त्या अंड्यांसारख्या गुलाबी झाल्या होत्या.

मागून कुणीतरी म्हणालं, "मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाल्लंस की रे लायमन." दुसरा म्हणाला, "नाणं वेंडेलचं. लग्न वेंडेलचं. केक अर्डिसने कापायचा." टेबलांवर हात आपटले जाऊ लागले. मला क्षणभर वाटलं, झालं. माणूस गेल्यावर का होईना, मिळालं त्याला.

नॉर्बर्टने हात वर केला. दातांचा डॉक्टर तो, दुखरा दात बरोबर सापडतो त्याला. हळूच म्हणाला, "अर्डिस, एकच विचारतो, राग मानू नकोस. वेंडेलला माहीत होतं का? नाण्याला पाकीट होतं?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

'होतं' एवढंच म्हणायचं होतं. खोटं कोण पाडणार? लायमन? तो कुठल्या तोंडाने सांगणार, मी डब्याच्या तळातून सुटं उचललं म्हणून? एक शब्द, आणि वेंडेल क्रायडरचं नाव बुकात कायमचं. ज्यासाठी त्याने आयुष्य घालवलं, ते माझ्या जिभेवर होतं. मी तोंड उघडलंही.

पण खोटं यायच्या आधी राग आला. लायमनचा नाही. वेंडेलचा. बाई माणसाने एकदा ब्रश फिरवला म्हणून ज्याने नाणं डब्यात फेकलं, आणि मग त्याच स्वयंपाकघरात, त्या डब्यापासून हाताच्या अंतरावर, वर्षानुवर्षं बसून कॉफी पीत राहिला. अर्ध्या पेनसिल्व्हेनियातली नाणी उलटून बघत हिंडला. काखेत कळसा, गावाला वळसा. त्याची बटणं मी त्याच डब्यातून काढून लावत होते. माझा हात कितीदा त्या नाण्याला लागला असेल. त्याचा एकदाही लागला नाही, कारण तो रुसला होता.

"नव्हतं," मी म्हणाले. "पाकीट नव्हतं. त्याने ते कधी उलटून बघितलंच नाही."

टेबलांवरचे हात खाली गेले. त्यांचा नियम त्यांना ठाऊक. जो बघतो त्याचं.

लायमन उठला. खरं सांगते, त्याचे डोळे भरले होते, आणि तेच मला जास्त लागलं. "वेंडेल माझ्या भावासारखा होता," म्हणाला. "मी नाणं तुला परत देतो, अर्डिस. आत्ता, इथेच. फक्त नाव... मी उलटलं ते, अर्डिस. मी बघितलं. मलाही आयुष्यात काही सापडलं नव्हतं."

"नाणं घेऊन काय करू?" मी म्हटलं. "राहिलेली बाजू घासू?"

नॉर्बर्ट मधे पडला. "असं करू या," म्हणाला, "नाव लायमनचं, आणि खाली लिहू, मूळ वेंडेल क्रायडर यांच्या संग्रहातलं."

"संग्रहातलं कसं? त्याच्या संग्रहात ते नव्हतं. त्याने टाकून दिलेलं होतं ते. माझ्या बटणांत होतं."

"मग तुझं नाव घालू."

"आत्ता काय लिहिलंय त्या कागदावर? वाच."

त्याने चष्मा सारखा केला. "छाप्याची बाजू जुन्या काळी फार घासलेली. काटा मूळ स्थितीत."

"तेवढं ठेव," मी म्हणाले. "ती मी आहे. वेंडेलला नाही मिळालं ते, पण मला बुकात जागा मिळाली. नाव नको."

मी केकजवळ गेले. सुरी उचलली, तशी व्हेरा दचकली. मी लायमनचा हात धरला, बाही वळवली आणि माझा टाका कापला. घट्ट होता, दोनदा सुरी फिरवावी लागली. काळं बटण हातात आलं.

"नाणं तुझं," मी म्हटलं, "नाव तुझं. केकही काप, तुझ्यासाठीच केलाय. बटण आमचं आहे."

सुरी त्याच्या हातात दिली, कोट घातला आणि निघाले. दारातून वळून बघितलं नाही. पण केक कापला असणार. त्या मंडळात केक कधी वाया गेला नाही.

घरी आले तर बटण ठेवायला डबा नव्हता. वेंडेलच्या टेबलावर गेले. त्याचं भिंग अजून तिथेच आहे, मी हलवलं नाही. भिंगाशेजारी बटण ठेवलं. त्याच्या खुर्चीत बसले आणि इतक्या वर्षांत जे बोलले नव्हते ते मोठ्याने बोलले.

"माझ्यावर रागवायचं होतं तर रागवायचंस. पण नाणं एकदा उलटून तरी बघायचं होतंस, वेंडेल."